खो-खोच्या पायांनी फुटबॉल

आई, परवा माझी शेवटची मॅच झाली. अमेरिकेत नऊ वर्षं पगार घेऊन मिडफिल्डला खेळले, हे तुला कुणी सांगितलं असतं तर तू आधी हसली असतीस. शेवटी गुडघाच म्हणाला, बाई, आता पुरे. मॅचनंतर एका पोरसवदा पत्रकार मुलीने विचारलं, तुला पहिल्यांदा खेळायला कुणी शिकवलं? मी ताडकन म्हणाले, माझ्या आईने. आणि मग गाडीत बसून अर्धा तास रडले. कारण हाच प्रश्न मला चौदाव्या वर्षी एकदा विचारला होता.

सिंगापुरात हौगांगच्या आपल्या ब्लॉकखाली 'फुटबॉल खेळू नये' अशी पाटी होती. तू म्हणालीस, "खो-खो लिहिलंय का त्यात? मग झालं तर!" पुण्यात शाळेच्या संघातून खेळलेली तू. चार प्लास्टिकची स्टुलं ओळीत मांडायचीस, ती बसलेले गडी. बिल्डिंगचे दोन खांब ते आपले खांब. मी धावतेय, तू ओरडतेयस, "एकदा दिशा धरलीस की मागे फिरायचं नाही! खांब गाठ आधी!" बाबा ऑफिसातून आले की म्हणायचे, पायाला भिंगरी आहे कारटीच्या. भिंगरी तूच बांधली होतीस.

आमची कोच अमेरिकन. तिकडे मिडफिल्डला खेळायची, पण त्यांची लीगच बंद पडली, आणि नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमागे ती सिंगापूरला आली. आम्हा मुलींना दर शनिवारी शिकवायची. संघात मिडफिल्डची एकच जागा उरली होती आणि मला ती हवी म्हणजे हवीच होती. निवडीच्या दिवशी बॉल माझ्या पाठीमागे गेला, आणि मी? मी सुसाट पुढे! थेट रेषेपर्यंत पोचले आणि मगच वळले. सगळ्या पोरी खिदळल्या. कोचने विचारलं, "असं पळायला तुला कुणी शिकवलं?" तू रेलिंगपाशी कोकम सरबताची बाटली घेऊन उभी होतीस. तुझं नाव घेतलं तर जागा गेलीच, असं वाटलं मला. मी म्हणाले, "नोबडी, कोच."

तू ऐकलंस. घरी कणीक मळता मळता म्हणालीस, "फुटबॉलमध्ये मागे वळायचं असतं हे मला कुठलं ठाऊक, गं? आधी सांगायचंस ना." रागावली असतीस तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी बघते तर तू खाली, ओढणी कमरेला खोचून, स्टुलं वेडीवाकडी मांडून उभी. "चल, आता वळायचं शिकू." आधी तू वळायचीस, मग मी. शेजारची चिनी आंटी थांबून म्हणाली, "यू ऑल्सो प्लेइंग आह?" तू धापा टाकत म्हणालीस, "येस लाह!" आठवडाभर आपण दोघी गरागरा वळत होतो. तुझे पाय रात्री ठणकायचे, मला दिसायचं. पुढच्या शनिवारी मला जागा मिळाली. कोच म्हणाली, वळायला काय, कुणीही शिकतं. तुझं ते सुसाट पहिलं पाऊल माझ्याकडेसुद्धा नव्हतं. पुढे तिनेच आपल्या अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजला माझ्यासाठी लिहिलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तू गेलीस, आणि पुढचं सगळं तुला न सांगताच झालं.

आता पुढच्या महिन्यापासून इथल्या दहा वर्षांच्या पोरींना शिकवणार आहे. त्यांना पहिल्या दिवशी ओळीत उकिडवं बसवणार, अमेरिकन पोरींच्या तोंडून दणदणीत 'खो' ऐकणार! या विचाराने मला रात्री झोप येत नाही, इतका आनंद झालाय. तुझा खेळ इथे रुजेल, बघच तू.

एक मात्र राहिलंय. हे पत्र धाडायचं कुठे, आणि तू असतीस तरी धाडलं असतं का, देव जाणे. जागा मिळाली त्या शनिवारी मी कोचला खरं सांगून टाकलं होतं, की आईने शिकवलं. ती केवढी खूश झाली! म्हणाली, "बोलाव ना तिला, मला भेटायचंय." तू बाहेर रेलिंगपाशीच होतीस. तुम्ही दोघी भेटलात तर माझ्या त्या 'नोबडी'चा विषय निघेल, आणि तुझ्या तोंडाकडे मला बघवणार नाही, म्हणून मी म्हणाले, ती घरी गेली. चुकलं माझं, आई.