वजडीचा वास

आमा, तुम्हाला मराठी येत नव्हतं, आणि तुमच्या तेओच्यू या चिनी बोलीत मला फक्त डुकराच्या अवयवांची नावं येतात. तेवढ्यावर पत्र होत नाही, म्हणून मराठीतच लिहिते. आज सकाळी चक्रीफूल आणि दालचिनी सोया सॉसमध्ये उकळायला टाकली आणि तुमची आठवण आली, असं लिहिणार होते. पण ती रोजच येते. आज दुकानाला सुट्टी आहे, हात रिकामे आहेत, एवढंच.

टोकियोच्या हिगाशी-कसाई भागात रेल्वेच्या पुलाखाली तुमचं लहानसं दुकान; सगळे तुम्हाला आमा, म्हणजे आजी, म्हणायचे. तुम्ही लग्न होऊन सिंगापूरहून आलेल्या, तुमचे जपानी यजमान केव्हाच गेलेले. दुकानात एकच पदार्थ, क्वे च्याप. तांदळाच्या रुंद मऊ पट्ट्या, काळसर रस्सा, आणि त्याच मसाल्यात शिजलेलं डुकराचं मटण, वजडी, कातडी, अंडं. आमच्या इमारतीतल्या बायका तिथून जाताना ओढणी नाकाला लावायच्या. मीही लावायचे. माझे यजमान कॉम्प्युटरच्या कामावर आम्हाला इथे घेऊन आले आणि दुसऱ्याच हिवाळ्यात ऑफिसात छातीत कळ येऊन गेले. मुलगी तिसरीत होती. पुण्याहून सगळे म्हणाले, परत ये. मी नाही म्हटलं. तुमच्या दारावर माणूस हवा असल्याची पाटी होती. ती मला वाचता आली, कारण मुलगी शाळेतून आली की तिच्या पुस्तकांतून मीही अक्षरं गिरवायचे. आत तुम्ही तांदळाचं पातळ पीठ ताटलीत ओतून वाफवत होतात. मी हसले. आमच्याकडे उन्हाळ्यात फेण्या अशाच करतात. तुम्ही ताटली पुढे केलीत. मी बोटाने कडा सोडवली आणि पट्टी अख्खी उचलली. "उद्या ये," म्हणालात.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्यावर ओरडलात. आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. माझ्या मोडक्या जपानीत मी तेच करायचे. 'किमास', येते, असं सांगून घरी जायचे. आणि तुम्ही शटर अर्धं ओढून, एक वाडगा झाकून, माझी वाट बघत बसायचात. शेवटी भर गिऱ्हाइकांत म्हणालात, "रोज येते म्हणतेस आणि येत नाहीस! मी दार लावू की नको?" सगळे हसले. मी हातवारे करून समजावलं की आमच्यात जाणारा माणूस येतो म्हणूनच निघतो, नाहीतर अशुभ होतं. तुम्ही विचार करून विचारलंत, "आणि जे येत नाहीत, ते काय म्हणून जातात?"

"तेही येतोच म्हणतात," मी म्हटलं. माझे यजमानही त्या दिवशी तसंच म्हणून गेले होते.

तुम्ही कढईतला रस्सा ढवळायला घेतलात. दुसऱ्या दिवशी शटरची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवलीत. "रोज मी वाट बघायची नाही. तूच उघडत जा."

पण खरं रागावणं वजडीवरून झालं. मी ती उलटी करून, मीठ आणि पीठ चोळून धुवायचे, तोंडाला घट्ट फडकं बांधून. एका गिऱ्हाइकाने वाडगा परत केला. तुम्ही सगळी वजडी पुन्हा माझ्यासमोर ओतलीत आणि फडकं ओढून काढलंत. "नाक झाकून धुतेस, मग वास गेला की नाही हे कोण सांगणार? तुझी सासू?" पाणी बर्फासारखं गार होतं. मी रडत होते आणि वास घेत होते. वास गेला तेव्हा रडूही थांबलं होतं.

मग धाकटे दीर आम्हाला न्यायला आले. मला शोधत ते थेट दुकानात येतात. मी कोपरापर्यंत हात बादलीत घालून उभी आहे.

"वहिनी, हे काय? आतडी धुताय? दादाला काय वाटलं असतं?"

"त्यांना वाटलं असतं, नीट धू."

तुम्ही मला विचारता, "हा कोण? ओरडतो का?"

"नवऱ्याचा भाऊ. घरी चल म्हणतो."

"मग जाणार?"

"नाही."

"मग उभा का ठेवलायस? बसव. खायला दे."

"तो डुक्कर खात नाही."

"तूही खात नाहीस. म्हणून काय उपाशी आहेस?"

तुम्ही वेगळ्या पातेल्यातून कोऱ्या पट्ट्या काढून मीठ आणि तिळाचं तेल घालून त्यांच्यापुढे ठेवता. भाऊजी वाडगा सरकवतात, मग जवळ ओढतात. पहिल्या घासानंतर थांबतात. "वहिनी, ह्या तर ओल्या फेण्या!" दुसरा वाडगाही मागून घेतात. तो संपल्यावर पुन्हा म्हणतात, "तरीपण चला. इथे तुमचं कोण आहे?"

मी हात पुसले आणि म्हटलं, "भाऊजी, पोरीची शाळा इथे आहे. मी येणार नाही." ते दोन दिवस राहिले, मुलीला सायकल घेऊन दिली आणि एकटेच परतले.

पुढे तुम्ही गेलात, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दुकान मी चालवते. हे पत्र मी कुठे टाकणार? पण एक गोष्ट आहे, जी भाऊजींना सांगितली नाही, मुलीलाही नाही. शाळा तर पुण्यातही होत्या. पुण्यात बिचारी म्हणून माझ्याशी सगळे आवाज खाली करून बोलले असते, जन्मभर. इथे तुम्ही रोज सकाळी मला ओरडत होतात. मी त्यासाठी राहिले.