पिवळ्या छत्रीची तक्रार

२ मार्च

बॉट! बॉट! बॉट! सकाळपासून कप्तानाचं हेच चाललंय. माणूस दातांचा डॉक्टर आहे म्हणे. पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवतो आणि स्वतः इथे आमच्या बागेत फांद्या छाटतो. त्या पेशंटची लाळ कोण पुसतं कुणास ठाऊक.

आता हा बॉट म्हणजे काय, ते मला कळलेलं नाही. काहीतरी चोरटं आहे एवढं कळलं. आणि ते आमच्याच बागेत शिरलंय, हेही.

३ मार्च

व्यायाम शिकवायला येते ती पोरगी म्हणाली होती, आजी, रोज गुडघ्याचं लिहून ठेवा. दुखतो. लिहिलं. आता दुसरं लिहिते.

खेळ असा आहे. समुद्रात एक बेट. बेटावर चौघांची मिळून एक बाग. झाडांना पाणी घालायचं, फळं पिकवायची, दुसऱ्या बेटावरचे लोक होडीतून चोरायला आले की हाकलायचे. ऑपरेशननंतर मी खोलीत अडकले तेव्हा लेकीने टॅब पाठवला आणि नातीने फोनवरून मला ह्यात ओढलं. तिथे माझं नाव ‘आजीबाई ९’. आधीच्या आठ सटव्या कोण, देव जाणे! नातीचं नाव ‘चिमणी’. तिसरा कप्तान. चौथी एक पिवळी छत्री घेतलेली बाई. ती कोण, मला माहीत नाही. ती बोलत नाही.

नात शाळेतून आली की बागेत येते. आम्ही दोघी एका झाडाखाली उभ्या राहतो आणि गप्पा मारतो. ती लिहिते, मी एकेक अक्षर शोधून उत्तर देते. माझं उत्तर जाईपर्यंत तिचा विषय बदललेला असतो. पण भेट होते. आमची दुसरी भेट नाही. का नाही, ते लिहायला बसले तर डोकं फिरेल. आज नको.

४ मार्च

फोनवर नातीला विचारलं, बॉट म्हणजे काय ग?

म्हणाली, “आजी, तो माणूस नसतो. प्रोग्राम असतो. आपोआप चालतो. आपण झोपलो तरी चालू.”

म्हटलं, म्हणजे तुझ्या आजोबांचं घोरणं.

खूप हसली. मग मी विचारलं, ती छत्रीवाली तसली आहे का? तर म्हणाली, “राहू दे ना ग. पाणी तर घालतेय.” आणि फोन ठेवला! एरवी फोन ठेवायला हिच्या हाता-पाया पडावं लागतं.

मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभा जन्म काढला. शेजारी ही भलीमोठी यंत्रं. चादरी फाडायची, उशांचे अभ्रे गिळायची, एकदा तर एका डॉक्टरचा चष्मा चावून टाकला. पण एकानेही कधी ‘मी बाई आहे’ असं सांगितलं नाही. आणि छत्री घेऊन तर मुळीच फिरलं नाही.

६ मार्च

आज छत्रीची परीक्षा घेतली.

आधी समोर उभी राहिले. ‘नमस्कार’ लिहिलं. काही नाही. ‘बहिरी आहेस का’ लिहिलं. काही नाही. मग जरा धुलाईखान्यातली भाषा वापरली. खेळानेच मला दम दिला — ‘कृपया सभ्य शब्द वापरा’. ती मात्र ढिम्म.

मग तिच्या वाटेत आडवं कुंपण घातलं. आली, कुंपणाला जाऊन थडकली आणि तिथेच पाय हलवत राहिली! वळसा घालायचं नाव नाही. मला हसू आवरेना. मग वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचा राग आला. कुंपण काढलं. ती आपली सरळ गेली, माझ्या झाडांना पाणी घातलं — आधी माझ्या, मग नातीच्या — आणि निघाली. स्वतः एक फळ तोडलं नाही.

आता ह्यातून माणसाने काय समजायचं?

७ मार्च

गुडघा बरा. डोकं बरं नाही.

९ मार्च

कप्तान हटूनच बसलाय. म्हणतो, आजी, नियम आहे. बागेत बॉट सापडला आणि आपण तो लपवला असं कंपनीने धरलं, तर सगळी बाग साफ. चौघांनाही बाहेर काढणार. आपण आधी रिपोर्ट केला तर फक्त तो जाईल. दोघांचा रिपोर्ट लागतो. “माझा झालाय. आता तुमचा.”

म्हटलं, चिमणीला विचार. तर ती शाळेच्या सहलीला गेलेली. फोन घरी.

बसून विचार केला. बाग गेली तर मी नातीला कुठे भेटू? त्या घरात मी पाय ठेवत नाही आणि तिथून कोणी तिला इकडे पाठवत नाही. आहे ते एवढं एक झाड. एका बिनबोलाच्या छत्रीपायी ते घालवू?

छत्रीवर बोट दाबून धरायचं, मग यादी येते. शिवीगाळ. फसवणूक. यंत्र. (‘आगाऊपणा’ नाही. असता तर कप्तानाचा रिपोर्ट केव्हाच केला असता.) ‘यंत्र’ निवडलं. विचारतं कसं — ‘तुम्हाला खात्री आहे का?’ अहो, खात्री असती तर चार दिवस कपाळ कशाला बडवलं असतं!

‘हो’ दाबलं.

१० मार्च

छत्री गेली. ती असायची तिथे गवत आहे.

बाग वाचली. कप्तानाने मला अंगठा पाठवला. मी काही त्याला उलट पाठवला नाही.

नंतर

नातीचा फोन. हमसून हमसून रडतेय. “आजी, तू काय केलंस? ती आजी होती!”

म्हटलं, आजी तर मी आहे.

“दुसरी आजी!”

 चहा उतू गेला.

११ मार्च

लिहितेच आता. दुसरी आजी म्हणजे माझी विहीण. लेकीची सासू. चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. लेक उभी राहून वाढतेय, सगळे बसलेत. मी म्हटलं, “विहीणबाई, माझ्या पोरीला तुम्ही वाढायलाच आणलीय का?” चारचौघांत म्हटलं. ती ताटावरून उठली, हात धुतला, आत गेली. तेव्हापासून अबोला. तिचा माझ्याशी, माझा तिच्याशी. नातीला सुट्टीत इकडे धाडायचं तर म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी आधी तोंड उघडायला हवं. लेक म्हणते, “आई, तू बोल.” जावई म्हणतो, “आई, तू बोल.” त्या दोन्ही आया वेगळ्या, एवढंच.

आणि ती बागेत येत होती! नातीने गुपचूप आणली होती. म्हणे, तिला ठाऊक होतं मी कोण ते.

आता आठवते तर सगळं जुळतं. बोलत नाही — जुळलं. शिव्या दिल्या तरी मान वळवत नाही — जुळलं. आडवं कुंपण घातलं तर डोकं आपटेल, पण वाट बदलणार नाही — अहो, हे तर तिचं जन्माचं आहे! मीच कसं ओळखलं नाही?

पण माझ्या झाडांना पाणी का घातलं तिने? आधी माझ्या. हे जुळत नाही.

१२ मार्च

ती पाणी घालायची ती झाडं आज मीच भिजवली. पूर्वी किती वेळ वाचायचा!

१३ मार्च

कंपनीला लिहिलं. चूक झाली, बाई परत द्या.

लिहून हात खाली घेते न घेते तोच उत्तर. ‘प्रिय आजीबाई ९, आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.’ इतक्या चटकन माझी सख्खी बहीण उत्तर देत नाही. मी विचारलं, तू माणूस आहेस का? तर म्हणे, ‘मी तुमची मदतनीस आहे.’ हे उत्तर झालं? नातीला विचारलं. म्हणाली, “आजी, तोही बॉटच.”

म्हणजे छत्री यंत्र आहे की माणूस, हे ठरवणार यंत्र. आणि ते यंत्र मला म्हणतं, ती माणूस आहे ह्याचा खुलासा तुमच्या शब्दांत लिहा. माझ्या विहिणीच्या माणूसपणाची साक्ष मी द्यायची! चार वर्षं मी उलटंच सांगत फिरतेय.

१४ मार्च

दिली साक्ष. सकाळी बसले ते दुपार झाली. काय लिहिलं ते इथेही उतरवते. उद्या कोणी नाकारलं तर असू दे.

‘ही बाई माणूस आहे. माझी विहीण आहे, मला माहीत. चहात साखर कमी पडली तर तोंडाने सांगणार नाही. कप तसाच ठेवेल, सगळ्यांना दिसेल असा. यंत्र असं करत नाही. चिडकी आहे, खुनशी आहे. कोणाचं काय चुकलं ते वर्षानुवर्षं जपून ठेवते. केस काळे करते आणि करत नाही म्हणून सांगते. लेकीला माझ्या टायफॉईड झाला तेव्हा तिच्या उशाशी ही बसून होती, डोळ्याला डोळा लावला नाही. मी धावत गेले तर मला म्हणाली, तुम्ही कशाला आलात, मी आहे ना. त्याचा मला फार राग आला होता. असला राग यंत्राचा येत नाही. ती बोलत नाही कारण माझ्याशी अबोला आहे. बोलत नाही म्हणून माणसाला काढून टाकायला लागलात तर अर्धी घरं रिकामी होतील.’

पाठवलं. लगेच उत्तर — ‘आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे.’ ह्याला काय कळतंय मोल!

१६ मार्च

काही नाही. गुडघा दुखतो.

नात बागेत आली पण झाडाखाली थांबली नाही. विचारलं, तुझी ती आजी काय म्हणतेय? “काही नाही.” रागावली का माझ्यावर? “माहीत नाही ग आजी. नको ना विचारू.” पोरीचं काहीतरी बिनसलंय. मी विचारते एक, ती उत्तर देते भलतंच.

१७ मार्च

छत्री परत आली!

कंपनीचा निरोप — ‘तपासणीअंती सदर खेळाडू माणूस असल्याचे निश्चित झाले आहे.’ वा! आमच्या साक्षीला वजन आहे तर. कप्तान म्हणतो, आजी, माझा अजून विश्वास नाही. म्हटलं, तू दात बघ.

ती आपली त्याच वाटेने आली. आधी माझी झाडं. मी जवळ जाऊन उभी राहिले. काय लिहावं सुचेना. एक लिहिलं, पुसलं. दुसरं लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं, ‘विहीणबाई, पाणी घालता ते दिसतं मला. बोलू नका हवं तर. पण पोरीला सुट्टीत पाठवा.’

ती थांबली. थांबली असं मला तरी वाटलं. मग पाणी घालून गेली.

नाही म्हणाली नाही. तिचा नकार मला माहीत आहे, तो असा नसतो. मला उगीच बरं वाटतंय.

१८ मार्च

फोन वाजला. विहीण! आवाज चार वर्षांपूर्वी होता तसाच, पत्र्यावर चमचा घासल्यासारखा.

“कोण चिडकं? केस कोण काळे करतं?”

कंपनीने माझी साक्ष तिच्या नंबरावर धाडली. तिला चष्मा सापडेना म्हणून सुनेला वाचायला लावली. सून म्हणजे माझीच लेक. बिचारीने आईच्या शिव्या सासूला मोठ्याने वाचून दाखवल्या.

म्हटलं, अहो, पण तुमची छत्री परत मिळाली ना?

“कसली छत्री? मी कुठला खेळ खेळत नाही. नातीने माझा नंबर घेतला होता एकदा, कशाला ते विचारलं नाही. आता कोपऱ्यात बसून रडतेय, म्हणते बाग सुरू करायला चौथं माणूस हवं होतं, म्हणून काहीतरी आपोआप चालणारं लावून दिलं, आणि ते परत यावं म्हणून तुम्हाला माझं नाव सांगितलं.”

समोर टॅबवर छत्री माझ्या झाडांना पाणी घालत होती.

 फोन कोणीच ठेवेना.

मग म्हणाली, “ते टायफॉईडचं कशाला लिहिलंत?”

“खरं आहे म्हणून.”

“आणि केसांचं?”

“तेही.”

“बरं. मग आता तुमचं मी सांगते.”

म्हटलं, सांगा.