डाव्या कानाकडची खुर्ची

हिंगणी,
संक्रांतीनंतरचा बुधवार, २००९

प्रिय रुचिका,

तुला एक आजी आहे आणि ती बोर धरणाच्या अलीकडे राहते, एवढं आठवत असेल असं धरून चालते. दिवाळीला गव्हाचे सरगुंडे भरून नेलेला माझा स्टीलचा डबा अजून पुण्यातच आहे, म्हणजे डब्याला आणि मला तू एकदमच विसरलीस. पत्र तुझी शालूकाकू लिहून राह्यली आहे. माझं बोलणं ती शुद्ध करते, मी तिच्याकडून परत वाचून घेते आणि माझे शब्द हरवले असतील तर पुन्हा घालायला लावते. तेव्हा दोन्ही चवी लागतील.

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या बंगळूरच्या सभेत तू बोललीस, आणि ऐकणाऱ्यांनी तुझ्याबद्दल काय काय लिहून दिलं, ते तुझ्या भावाने, धीरजने, सेलूहून छापून आणलं. शालूने माझ्या कानात वाचलं. माझ्या कानात वाचायचं म्हणजे चार घरांना वाचायचं. शेजारची कुंताबाई सूप टाकून धावत आली, "काऊन वो माय, पोरीनं इतकं काय वाईट केलं?" मी म्हटलं, "काही नाई, भात गार होता." खोटं नाही ते. निम्म्या लोकांनी जेवणावरच लिहिलं आहे. उरलेल्यांचं म्हणणं, आवाज फार मोठा, आणि हरेक गोष्ट दोनदा सांगते. एकाने तर विचारलं आहे, आम्ही बहिरे आहोत का? त्या एका ओळीपायी तू धीरजला कळवलंस की पुन्हा स्टेजवर चढणार नाही, पुढच्या महिन्यात नागपूरला बोलावलं आहे तिथेही नाही.

मी त्या माणसावर रागावले नाही. त्याने नेमकं ओळखलं. दिवाळीत ओसरीवर तू हेच भाषण मला म्हणून दाखवत होतीस, मी बाजारासाठी सांबाराच्या, तुमच्या पुण्याच्या कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते. ज्यांना दिसत नाही त्यांना कॉम्प्युटरने पान वाचून दाखवावं, तर ते पान कसं बांधायचं, असं काहीतरी होतं. मला दिसतं पण वाचता येत नाही, मग मी कोणत्या रांगेत, असं विचारलं तर तू नुसती हसलीस. मी "काय म्हनतं?" म्हणायचं, तू पुन्हा मोठ्याने सांगायचीस. तीच सवय घेऊन बंगळूरला गेलीस आणि हॉलभर शहाण्या माणसांची आजी करून टाकलीस. दोनदा सांगणं सोड. मोठ्याने सांगणं मात्र राहू दे. शेवटच्या रांगेतल्या एकाने लिहिलं आहे की दिवसभरात हिचंच सगळं ऐकू आलं. ती ओळ तू धीरजला सांगितली नव्हतीस.

बाकी वांगी बरी आहेत, भाव नाही. शालूने मला सावंगीला नेऊन कान दाखवले. उजवा गेला. डावाही निघाला आहे, कधी जाईल ते डॉक्टरला सांगता येत नाही. यंत्र लावलं तर नुसता कालवा होतो. भजनात मी आता दुसऱ्यांचे टाळ बघून डोलते, अजून कोणी पकडलं नाही. मी फोनवर येत नाही ते यामुळे. रुसले आहे असं समजू नको.

आता पत्राचं कारण. तुझा फोन लागेना म्हणून नागपूरच्या माणसाने इथे फोन केला, तू कुठल्याशा फॉर्मवर गावचा नंबर दिला होतास. मी शालूकडून सांगितलं, रुचिका येते. तिची आजीही येते. पहिल्या रांगेत उजव्या टोकाची खुर्ची मागून ठेवली आहे, म्हणजे डावा कान तुझ्याकडे राहील. तिथेही शेवटी कागद भरून देतात म्हणे. मी सांगीन, शालू भरेल, फुकटची शाबासकी मिळणार नाही. तुला नाहीच म्हणायचं असेल तर त्या माणसाले सांगजो, मले सांगून ऐकू येणार नाही. धीरज परीक्षेसाठी पुण्याला येतो आहे, त्याच्या हाती डबा पाठवजो. डबा रिकामा परत करत नाहीत, एवढं तरी आठवत असेल. मऊ नानकटाई भर. नागपूरला नेईन, हॉलमध्ये बसून खाईन. कडक काही नको, चावताना कानात आवाज होतो, आणि तेवढ्यात तू काय म्हणालीस ते निसटतं.

तुझीच,
आजी