सिराजमास्तरांना फैलका दाखवताना

अहमदी, कुवेत
एप्रिल १९६०

मोहतरम मजीदमामू यांस,

भाचा झहूरचा सलाम. तुमचा दमा कसा आहे? खतिजामामीचे गुडघे बरे आहेत ना? माझं विचाराल तर नाक सोललंय, पाठ धरलीय, आणि या सगळ्याला कारण तुमचे दोस्त सिराजमास्तर.

तुम्ही लिहिलंत, रुकय्याचे अब्बा मुलगा बघायला येतायत, जरा फिरव. मला वाटलं, बाजार बघतील, एखादं घड्याळ घेतील, माझी क्वार्टर पाहून खूश होतील. मास्तरांनी बोटीतून उतरता उतरताच विचारलं, "इथे जुनं काय आहे?" (जन्मभर महाडच्या शाळेत इतिहास शिकवलेला माणूस, त्याला एअरकंडिशनर दाखवून काय उपयोग?) आधी जहराचा मातीचा किल्ला दाखवला. त्याचं वय विचारलं. साठेक वर्षं, म्हटलं. "म्हणजे माझ्याच वर्गातला," म्हणाले आणि टॅक्सीतून उतरलेच नाहीत.

मग कुणीतरी त्यांच्या कानात घातलं, की फैलका बेटावर परदेशी पंडित खोदतायत, सिकंदराच्या लोकांचं देऊळ निघालंय. झालं! शुक्रवारी लाँच धरली. आपण हर्णैचे दर्यावर्दी, असं मी किनाऱ्यावर छाती फुगवून सांगितलं आणि अर्धा रस्ता कठड्यावर ओणवा होतो. मास्तर मात्र नाखव्याशी कुराणातल्या अरबीत गप्पा मारत होते. (बिचारा नाखवा इमामासमोर उभं राहावं तसा अदबीने सुकाणू धरून उभा.)

बेटावर उन्हातून तंगडतोड करून पोचलो तर काय? गुडघ्याएवढ्या दगडांच्या ओळी! आपल्या गोठ्याचा पाया याहून उंच आहे. मी म्हटलं, "पाहिलं, चला." तर मास्तरांच्या डोळ्यांत पाणी. "झहूर, एवढ्या पोरांना सिकंदर शिकवला, आणि मी स्वतः कधी मुंबईपलीकडे गेलो नव्हतो." असं म्हणत दोरी ओलांडून थेट खड्ड्यात! रखवालदार ओरडतोय, मास्तर त्याला इतिहास सांगतायत, मधे मी दुभाषा. शेवटी त्याने दंड धरून हुसकावलं कुणाला? मला! मास्तरांना पंडितांनी तंबूत नेऊन चहा पाजला, नकाशे दाखवले, आणि मी दोरीबाहेर रणरणत्या उन्हात उभा. ओहोटीच्या भीतीने नाखवा निघाला. म्हणाला, तू चल, म्हातारा उद्या येईल. रुकय्याच्या अब्बांना बेटावर टाकून कोण जाणार? राहिलो. शनिवारची हजेरी बुडाली, आणि साहेबाने साऱ्या ऑफिससमोर विचारलं, कुठे होतास? देऊळ बघायला गेलो होतो, असं मला मोठ्याने सांगावं लागलं.

तुमचा,
झहूर

ता. क. खरं काम हे. मास्तर आता म्हणतात, बसरा जवळच आहे आणि तिथून पुढे सिकंदर जिथे मेला ते बाबिल. मी निकाहाचा विषय काढला की ते बाबिलचा काढतात. तरी मास्तरांच्या घरी कुणीतरी आजारी असल्याची तार करा. कुणीही चालेल, म्हैससुद्धा.

आणखी ता. क. तार करू नका. पत्र टपालात टाकण्याआधीच मला ऊन लागून ताप भरला. मास्तर उशाशी बसून ओल्या पट्ट्या ठेवत होते, पेज भरवत होते. आज जरा डोळे उघडले तर म्हणाले, "घरी कळवलंय. मुलगा लाँचमध्ये ओकतो, रखवालदारही त्याचं ऐकत नाही, पण माणसाला मागे टाकून जात नाही." तेव्हा तारीख धरा. बाबिलला आम्ही दोघे जातोय. फक्त मामीकडून रुकय्याला हळूच विचारून घ्या, तिलाही दगड आवडतात का. आवडत असतील तर मला आताच चांगले बूट घ्यावे लागतील.