फरशी कोण पुसणार

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

प्रिय व्हर्लीन,

पीचच्या मुरंब्याच्या बरण्या तुझ्या मेकन गावाहून धडधाकट पोचल्या. एक तर संपतही आली, आता म्हण मला हावरट. गुडघे ठीक आहेत. तू दिलेला निळा गाऊन मी घालते का, हे तू तिसऱ्यांदा विचारलंस. सांगते, जरा धीर धर.

तुझं म्हणणं कळलं. पोलिसांच्या वतीनं महापालिका तडजोडीला तयार आहे तर सही करून टाक, या वयात कोर्टाची पायरी कशाला चढायची? अगं, त्या कागदावर लिहिलंय की पोलिसांचं काहीच चुकलं नाही. छापा दोनशे एकेचाळीस नंबरच्या घरावर घालायचा, ते सोडून माझं दोनशे चौदाचं दार फोडलं, तरी चुकलं नाही. आणि मला म्हणे काही इजाही झाली नाही.

काल महापालिकेचा वकील भेटला. कोवळा पोरगा, बोलणं लोण्यासारखं. "प्रुइट बाई, खटला उभा राहिला तर पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण भर कोर्टात लागेल. तुमच्या चर्चची माणसंही असतील. तुम्हालाच अवघड होईल, बघा."

माझी वकील इमानी भडकली. पण तो कशाबद्दल बोलतोय ते मला ठाऊक होतं.

व्हर्लीन, मी तुला खोटं सांगितलं. मी त्या पोलिसांना काहीही सुनावलं नाही. शनिवारची सकाळ, केसांत रोलर, गुडघे जमिनीला टेकलेले, तोंडासमोर बंदूक, आणि माझं आपलं "हो साहेब, हो साहेब." मला तिथंच लघवी झाली. तुझ्या निळ्या गाऊनमध्ये. तशीच बेड्या घालून मला अर्धा तास अंगणात उभी केली. सगळी गल्ली बघत होती. गाऊन मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकला.

काल बसमधून घरी येताना मला माझा वर्ग आठवला. चौतीस वर्षं चौथीला शिकवलं, नियम एकच. दांडगटानं कुणाला घाबरवलं आणि त्या लेकराची चड्डी ओली झाली, तर फरशी दांडगटानं पुसायची. रडणाऱ्याच्या हातात मी कधी फडकं दिलं नाही.

मग दोन वर्षं ही फरशी मी का पुसतेय?

आज सकाळी इमानीला फोन केला. म्हटलं, सही नाही. ते चित्रण ते काय दाखवतात, आपणच दाखवू, पहिल्याच दिवशी. "नक्की ना?" म्हणाली. म्हटलं, "पोरी, आवाजसुद्धा मोठा ठेव."

मंगळवारी नऊला साक्षीला उभं राहायचंय. भीती वाटतेय, तुझ्यापासून आता काय लपवू. तू ये. पुढच्या बाकावर बस, आणि चित्रण लागलं की मान खाली घालू नकोस. मी घालणार नाहीये.

येताना नवा गाऊन आण. निळाच.

तुझी थोरली बहीण, आणि अजूनही चौथीची बाई,
ओडेसा