माथ्यावरून उतरलेली आग

ती. दादा,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी मजेत आहे. खोलीला मोठी खिडकी आहे, हे आईला आवर्जून सांग. तिचा गुडघा कसा आहे?

कामाला सरावले. उपग्रहाच्या फोटोंवरून निरनिराळ्या मुलखांतले वणवे ताडून बघायचे. कुठे वीज पडून पेटतं, कुठे कुणाच्या विडीनं. पण पेटलं की आग बहुतेक पायथ्याकडून चढावर धावते.

आपल्या डोंगरावरची यंदाची आग मात्र माथ्यावर सरळ ओळीत पेटली आणि सावकाश खाली उतरली. साहेब म्हणाले, "वारा फिरला असेल." मी मान डोलावली.

वनखात्यात असताना बाबा वणवा अडवायला गवत आधीच जाळून जाळपट्टा काढायचे तेव्हा माथ्यावरूनच काडी लावायचे, आग ताब्यात राहते म्हणून. आपल्या दोघांनाच शिकवलं होतं ना त्यांनी? आणि परवा तूच म्हणालास, तुझ्या नव्या हॉटेलासाठी वरची जागा आयतीच मोकळी झाली.

फोनवर विचारवेना, म्हणून लिहिते. रागावलास तरी चालेल, पण त्या दिवशी तू कुठे होतास ते कळव. साहेब पुन्हा विचारतील, तेव्हा मी वाऱ्याचंच नाव घेऊ ना?

तुझीच,
धाकटी