उजवा टेकायचा, डावा ओढायचा

४ मार्च

सुटले एकदाची! उजवी टाच दोनदा उघडून झाली, स्क्रू बसले, प्लास्टर कापलं, आणि आज ताई-भावोजींनी मला गाडीत घालून आपल्या घरी आणलं. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टच्या नावाने शंख. म्हणून धड चालता येईपर्यंत मुक्काम इथेच. दोघं महिन्यापूर्वीच या भाड्याच्या घरात आलीत. बैठं घर, रुंद दारं, आतल्या बोळाच्या भिंतीला धरायला दांडीसुद्धा. ताई म्हणाली, घर जणू तुझीच वाट बघत होतं. भावोजींनी वॉकरला सायकलची घंटी लावून दिली. चहा हवा असला की वाजवायची. मी इतकी वाजवली की शेवटी त्यांनीच हात जोडले. चालायला शिकवायला हॉस्पिटलातून बाई येणार आहेत.

५ मार्च

दोघं कामावर गेली आणि दुपारी बाई आल्या. माझा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा खोलीत उभ्याच होत्या. म्हणाल्या, मागच्या दाराने आले. बारीक अंग, बारीक आवाज, हात मात्र गारठलेले. कागद मागितले नाहीत, टाके बघितले नाहीत. मागून कंबर धरली आणि बोळात नेलं. उजवा टेकायचा, थांबायचं, डावा ओढायचा. मी म्हटलं, अहो, डावा चांगला आहे माझा. त्या म्हणाल्या, शिकायचं तर दोन्ही पायांनी शिकायचं. वाद घालायचं त्राण नव्हतं. इतके दिवस कुणीही यावं, कूस वळवावी, सुई टोचावी आणि जावं, याची सवय झालीय अंगाला.

९ मार्च

रोज येतात. स्वयंपाकघरापर्यंत वॉकरशिवाय जाते आता. उजवा दुखतच नाही. डावाच जड झालाय, ओल्या गादीसारखा. दिवसभर नुसती झोप येते. बाई सतत पाठीमागे असतात, त्यामुळे त्यांचा चेहरा अजून नीट बघितलेला नाही. वळून बघायचाही कंटाळा येतो.

आज ताई लवकर आली. बाई नुकत्याच गेल्या होत्या. मला चालताना बघून हसली, म्हणाली, अगं येडे, मोडला एक आणि लंगडतेस दुसऱ्याने? मीही हसले. मग सरळ चालून दाखवायला गेले.

जमलं नाही.

१२ मार्च

शेजारचे घड्याळवाले आजोबा सकाळी ताईकडे आले होते. मी पाठमोरी बोळातून चालले होते. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बघते तर आजोबांनी काठी टाकून भिंत धरलेली. पाणी प्यायल्यावर बोलले. आमच्याआधी इथे घरमालकाची मावशी एकटी राहायची. तिचं डावं अंग लुळं पडलं होतं. दांडी धरून वर्षानुवर्षं चालायला शिकत राहिली, कधी धड जमलं नाही. बोळातच गेली बिचारी. चाल अगदी अशीच, म्हणाले. उजवा टेकायची, थांबायची, डावा ओढायची.

मग स्वतःच म्हणाले, माफ कर पोरी, आजारी माणसं सगळी सारखीच चालतात.

मीही हो म्हटलं.

१४ मार्च

हॉस्पिटलातून फोन. चालायला शिकवणाऱ्या बाईंचा. रजेवर होते, उशीर झाला, पहिल्यांदाच येतेय सोमवारी, तोवर पायावर भार टाकू नका. मी विचारलं, मग आत्तापर्यंत कोण येत होतं? त्या म्हणाल्या, आम्ही कुणालाच पाठवलेलं नाही.

ताईला सांगितलं. ती मागचं दार बघायला गेली. ते दार आल्यापासून बंदच आहे. समोर कपाट लावलंय, धान्याने भरलेलं. दोघांनी मिळूनही हललं नाही.

१५ मार्च

ताईने रजा टाकली. माझ्या खोलीतून हलली नाही. कुणी आलं नाही.

डावा पाय गुडघ्यापर्यंत गार. ताईने चिमटा काढला. मग जोरात काढला. मी दुसरीकडे बघत होते — मला कळलंच नाही. ती बाथरूममध्ये जाऊन रडली. नळ सोडून, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

उद्या डॉक्टर.

१६ मार्च

हॉस्पिटलचा बाक. ताई औषधांच्या रांगेत.

सकाळी वॉकर घ्यायच्या आधीच निघाले. खोली, बोळ, पायऱ्या, गाडी. ताईने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, बरी झाले.

मी चालले नव्हते. थांबायचं म्हणत होते — पाय ऐकेनात —

डॉक्टर म्हणतात, डाव्यात काहीच दोष नाही. थकवा असेल. विश्रांती घ्या.

खरंच थकलेय. ओरडायचंसुद्धा —

मागे भिंत आहे. बाक भिंतीला टेकून आहे. तरी पाठीमागे कुणीतरी — कंबरेला हात —

बारीक आवाज. छान झालं म्हणते. चालणं आलं. आता हात शिकू.

ताई रांगेत. तिची पाठ दिसतेय. इकडे बघ गं. एकदा —

मनगटावर गार बोटं. पेन ती — ताई, यापुढचं अक्षर माझं न